पिशवीतले कागद

विधवा बायकांसाठी काहीतरी करायचंय, असं म्हणत दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवीन माणूस आमच्या गटाकडं येतं. कधी एमएसडब्ल्यू करणारी पोरगी असते, कधी नुकतेच रिटायर झालेले सर, तर कधी स्वतः त्यातून गेलेली एखादी बाई. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "आम्ही काय द्यायचं?" साडी, किराणा, शिलाई मशीन, पोरांच्या वह्या. भावना खरी असते, त्यात शंका नाही. पण नऊ वर्षं कोल्हापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत हे काम केल्यावर मी त्यांना एवढंच सांगते, की देण्याचं नंतर बघू. आधी तिच्याजवळची पिशवी उघडा.

पिशवी असतेच. कापडदुकानातली जाड प्लास्टिकची, नाहीतर पोराचं जुनं दप्तर. आत रेशनकार्ड, दवाखान्याच्या फायली, मयताचं आधार, दोन-तीन पासबुकं, सेवा सोसायटीच्या पावत्या, दूध संस्थेचं कार्ड, विम्याचा घडी पडून फाटलेला कागद. माणूस गेल्यावर हाताला लागेल ते तिनं त्यात भरलेलं असतं, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं, "कागदं जपून ठेव." कुठला कागद कशाचा आणि तो कुठल्या खिडकीवर न्यायचा, हे सांगायला मात्र कुणी तिच्यापाशी बसलेलं नसतं. आपलं काम तिथं बसायचं आहे.

मी या कामात आले ती एका चुकीतून. मी तेव्हा एका पतसंस्थेत खिडकीवर बसायचे. पन्हाळा तालुक्यातल्या एका वाडीवरून एक बाई यायची. नवऱ्याच्या खात्यात अकरा हजार आणि वर काही रुपये होते, नॉमिनी लावलेला नव्हता. मी म्हटलं, वारस दाखला आणा. ती तलाठ्याकडून काहीतरी घेऊन आली. मी म्हटलं, हा नव्हे. ती पुन्हा गेली आणि ग्रामपंचायतीचा आणला. हाही चालत नाही म्हणाले. प्रत्येक खेपेला तिचं एसटीचं भाडं जात होतं आणि भांगलणीची एक दिवसाची मजुरी बुडत होती. चौथ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "ताई, काय आणू त्ये एका कागदावर लिवून द्या. मी दाखवंन तिथं." मी लिहायला घेतलं आणि नीट माहिती द्यावी म्हणून संस्थेची नियमांची फाईल काढली, तर त्यात लहान रकमेसाठी हमीपत्रावर पैसे देण्याची सोय होती. मी ती कधी वाचलीच नव्हती. त्याच आठवड्यात तिचे पैसे निघाले. तिनं मला हात जोडले आणि मला खाली बघावं लागलं. तेव्हापासून मी रविवारी दोन-तीन तास कागद वाचून द्यायला बसू लागले. हळूहळू सोबत माणसं जमली आणि आज आम्ही चौदा जण आहोत.

तुम्ही नवीन असाल तर पहिल्या भेटीपासून सांगते. आपल्याकडं रक्षाविसर्जन तिसऱ्या दिवशी होतं. तेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा जाऊ नका. बारावं-तेरावं उरकून पाहुणे परतल्यावर जा. पण महिना उलटू देऊ नका, कारण काही अर्जांची मुदतच तीस दिवसांची असते. मधल्या काळात घरातल्या एखाद्या समंजस माणसाला फोनवर एवढंच सांगा, की एकही कागद टाकू नका आणि मयताचं सिमकार्ड बंद करू नका. मुस्लिम घरात इद्दतीचे, म्हणजे नवरा गेल्यावर बाई घरातच राहते ते, चार महिने दहा दिवस बाईला कचेरीत ओढून नेऊ नका. तेवढ्या काळात घरातल्या दुसऱ्या कुणाला बरोबर घेऊन दाखल्यांची कामं करता येतात.

पहिल्या भेटीत बोलायचं काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. "सगळं ठीक होईल" म्हणू नका. आपल्याला ते माहीत नसतं, आणि तिलाही कळतं की आपल्याला माहीत नाही. "धीर धरा, पोरांकडं बघून जगा" हे तिला त्या पंधरा दिवसांत शंभर जणांनी सांगितलेलं असतं. मी विचारते, "जेवण जातंय का? झोप लागते का?" मग गप्प बसते. घरातल्या थोरल्या बाईशी आधी बोलते. सासू असेल तर तिचा मुलगा गेलेला असतो, हे नव्या कार्यकर्त्यांच्या ध्यानातच राहत नाही. ते सुनेशी बोलत बसतात आणि म्हातारी चुलीपाशी एकटी. तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय त्या घरात तुमचं पाऊल ठरत नाही.

आता कागदांकडं येते. यातच आपला सगळ्यात जास्त वेळ जातो आणि बाईचं सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि मृत्यू जिथं झाला तिथंच ती होते. गगनबावड्याचा माणूस कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात वारला, तर नोंद कोल्हापूर महापालिकेकडं होणार, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. हे न कळल्यामुळं बायका ग्रामपंचायतीत चकरा मारत राहतात. दाखला हातात आला की पहिल्यांदा नाव वाचा. आपल्याकडच्या माणसांना दोन नावं असतात. गावात दत्तू, शाळेत दत्तात्रय, आधारवर दत्ता, सातबाऱ्यावर वडिलांचं नाव वेगळंच लिहिलेलं. दाखल्यावर एक आणि पासबुकावर दुसरं असलं की पुढचं सगळं अडतं. दुरुस्ती लगेच मागा, वर्षभरानं नको. दाखल्याच्या प्रतीही आठ-दहा काढून ठेवा, त्या सगळ्या लागतात.

मग पासबुक. हे मी खिडकीत बसून शिकले, म्हणून ठासून सांगते. पासबुक छापून आणा आणि मे-जूनच्या नोंदी बोटानं एकेक करून बघा. ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर तो पंतप्रधान जीवनज्योती विमा, मृत्यू कशानंही झाला तरी दोन लाख रुपयांचा. २० रुपये वजा झालेले दिसले तर तो सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला दोन लाखांचा. खातं उघडताना बँकेतल्या कुणीतरी फॉर्मवर सही घेतलेली असते, माणूस विसरून गेलेला असतो आणि बायकोला तर माहीतच नसतं. करवीर तालुक्यातल्या एका घरी आम्ही संध्याकाळी मोबाइलच्या उजेडात पासबुक वाचत होतो. मी ती ४३६ ची ओळ दाखवली, तर त्या वहिनी म्हणाल्या, "ही बँकेनं कापलेली. मी भांडाय जाणार हुते." दावा संबंधित बँकेच्या शाखेतूनच जातो आणि जितक्या लवकर द्याल तितकं बरं.

शेतकरी कुटुंबात मृत्यू अपघाती असेल, म्हणजे साप चावला, विजेचा शॉक बसला, विहिरीत पडला, रस्त्यावर गाडीनं उडवलं, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं तीस दिवसांच्या आत द्यायचा. मघाशी म्हटलेली मुदत ती हीच. साप चावून गेलेल्या माणसाचा पंचनामा आणि शवविच्छेदन न करता गावकरी घाईनं अंत्यविधी उरकतात, आणि मग पुराव्याला काहीच उरत नाही. ते परत आणता येत नाही. म्हणून गावात ओळखीची माणसं असतील तर हे आधीच सांगून ठेवा.

फायनान्स कंपन्यांचं कर्ज असेल, आणि हल्ली बहुतेक घरांत असतंच, तर हप्ता मागायला आलेल्या माणसाला आधी विचारा की या कर्जावर विमा आहे का. गटकर्जात पुष्कळदा बाईबरोबर नवऱ्याचाही विमा काढलेला असतो. तो लागू झाला तर कर्ज फिटतं. पण कुणी विचारलं नाही तर हप्ता चालूच राहतो.

आणि फोन. दहा वर्षांपूर्वी हा मुद्दा नव्हता, आज सगळ्यात आधी तोच बघावा लागतो. घरातल्या सगळ्यांच्या आधारला, बँकेला, गॅसला नवऱ्याचाच नंबर जोडलेला असतो. तो गेला की फोन दिराकडं किंवा थोरल्या मुलाकडं जातो. मग तिच्या प्रत्येक अर्जाचा ओटीपी दुसऱ्याच्या हातात, आणि खात्यात पैसे आल्याचा मेसेजही तिकडंच. शिरोळ भागातल्या एका ताईचं अनुदान सात महिने जमा होत होतं आणि तिला ठाऊकच नव्हतं. म्हणून पहिल्या पंधरवड्यात तिच्या स्वतःच्या नावाचं सिम, तो नंबर आधारला जोडणं, तिचं एकटीचं बँक खातं आणि त्या खात्याला आधार संलग्न करणं, एवढं करून घ्या. संजय गांधी योजनेचे पैसेही आता थेट आधार संलग्न खात्यातच येतात.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. महिन्याला १,५०० रुपये. वय ६५ च्या आत, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. ही मर्यादा मला दर वेळी खटकते. रोज २५० रुपये मजुरी धरली तर ८४ दिवसांहून जास्त कामाला गेलेली बाई त्यात बसत नाही. वर्षाचे ८४ दिवस! पोरं पोटाशी असलेली बाई त्याहून जास्त दिवस राबतेच. हा आकडा बदलावा म्हणून आम्ही निवेदनं देतो आणि तुम्हीही द्या. तोवर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव आहे का ते बघा. असेल तर चाळिशीपुढच्या बाईला इंदिरा गांधी विधवा निवृत्तिवेतन योजना आहे. याच यादीतल्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्य योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. हा एकरकमी पैशांचा अर्ज लोक विसरतात, कारण त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. अर्ज दिल्यावर पोच घ्या, त्यावर तारीख आणि शिक्का घ्या, आणि ती पिशवीत सगळ्यात वर ठेवा.

मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, मुलामागं महिन्याला २,२५० रुपये, अठरा वर्षांपर्यंत. ती तहसीलमध्ये नाही, महिला व बालविकास विभागाकडं आहे. बालकल्याण समितीसमोर मुलाला घेऊन जावं लागतं. त्या दिवशी आईसोबत आपल्यातलं कुणीतरी जावं, असा आमचा नियम आहे. पोरं बावरतात. "बाबा कधी गेले?" या प्रश्नाला एका पाचवीतल्या मुलानं तारीख, वार आणि वेळ तिन्ही सांगितलं होतं, आणि त्याची आई त्याच्याकडं बघतच राहिली. घरी तो त्याबद्दल एक शब्द बोललेला नव्हता. परतीच्या वाटेवर आम्ही रंकाळ्यावर थांबलो. त्यानं कणीस खाल्लं आणि मग सगळं बोलला. अशा दिवसांसाठी वेळ मोकळा ठेवा, लगेच दुसऱ्या कामाला पळू नका.

आता जमिनीचं. इथं हळू चाला.

नवऱ्याच्या नावावर जमीन असेल तर मृत्यूच्या दाखल्यासह तलाठ्याकडं वारसनोंदीचा अर्ज द्यायचा. त्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात सगळे तलाठीच म्हणतात. हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलगे, मुली आणि मयताची आई यांना सारखा हिस्सा. मुलं लहान असली तर सातबाऱ्यावर त्यांच्या नावापुढं अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचं नाव लागतं, आणि अज्ञान मुलाचा हिस्सा विकायचा तर साधारणपणे कोर्टाची परवानगी लागते. मुस्लिम बाईला मुलं असतील तर आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, मंजूर करतात. हे वाचायला सोपं वाटतं. पण आपल्याकडं पुष्कळदा जमीन सासऱ्याच्याच नावावर असते. ती वडिलोपार्जित आहे की सासऱ्यानं स्वतः कमावलेली, यावर सगळं अवलंबून असतं, आणि त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका. वकिलाला देऊ द्या. बाईला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चानं वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं. कसबा बावड्यात न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोनसाठी १५१००.

जपायचं आहे ते हक्कसोडपत्रापासून, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याच्या कागदापासून. "पोरं ल्हान हायत, तुला शेतातलं काय कळतंय, सही कर, आमी हाय की बघाय." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, की आता बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याचा पुढचा शब्द ओळखते. कधी कधी दिवसकार्याच्या आठवड्यातच दुय्यम निबंधकांकडं जायची तयारी झालेली असते. एकदा नोंदणी झाली की ते मोडायला दिवाणी कोर्टात जावं लागतं आणि त्यात वर्षं जातात. पण तुम्ही तिला "सही करू नकोस" असं सांगून निघून येऊ नका. तुम्ही कोल्हापूरला परत येता, तिला मात्र रात्री त्याच घरात राहायचं असतं. मी म्हणते, "करायची तर कर, तुझी मर्जी. पण वर्षश्राद्धापर्यंत थांब, आणि कागद एकदा वकिलाकडून वाचून घे." वर्षश्राद्ध म्हटलं की घरची मोठी माणसंही सहसा अडवत नाहीत. थांबायला ते कारण सगळ्यांना पटतं, आणि तेवढ्या वर्षात ती सावरते.

सगळे दीर-सासरे लुबाडायलाच बसलेत, असं मनात धरून जाऊ नका. कागलकडच्या एका दिरानं वहिनीला मोटारसायकलवर बसवून तहसीलच्या अकरा खेपा केल्या. ऊस तिच्या नावावर नोंदवून दिला, स्वतःच्या बायकोचा रोष पत्करून. त्याला आम्ही एकदाच म्हटलं, "दादा, तुम्ही करताय ते फार मोलाचं आहे," तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यालाही कुणी विचारलेलं नव्हतं.

उसावरून आठवलं. कारखान्याची ऊसनोंद मयताच्या नावावर असते. हंगाम सुरू होण्याआधी कारखान्याच्या गट ऑफिसात दाखल्यासह अर्ज देऊन ती तिच्या नावावर करून घ्यायची. नाही केली तर ऊस दुसऱ्याच्या नावानं जातो, बिलही तिकडंच जातं. कारखान्याचा शेअर, सेवा सोसायटीचं सभासदत्व, दूध संस्थेचं खातं यांचंही तसंच. आपल्या जिल्ह्यात घर चालतं ते दर दहा दिवसांच्या दूधबिलावर आणि उसाच्या बिलावर. ती दोन्ही बिलं कुणाच्या नावावर निघतात, हे विचारल्याशिवाय कुठल्याही घरातून उठू नका.

शिलाई मशीनचं आता सांगते. सुरुवातीच्या वर्षी आम्ही देणग्या जमवून हॉलमध्ये कार्यक्रम घेतला आणि बारा मशीन दिली. पाहुणे, हार, फोटो. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला, त्याखाली "निराधार महिलांना मदत" असं लिहिलेलं. एका ताईची मुलगी तेव्हा आठवीत होती. वर्गात कुणीतरी तो पेपर नेला. ती पोरगी आठवडाभर शाळेत गेली नाही. ताई मला म्हणाली, "मशीन घेऊन जावा वाटल्यास. पर आमाला निराधार म्हणू नगासा." वर्षभरानं फिरून बघितलं, तर बारापैकी चार मशीन चालू होती. बाकीच्यांवर कपडे वाळत होते. गावात आधीच तीन शिवणाऱ्या होत्या, हिला कोण कपडे देणार? आम्ही विचारलंच नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडं फोटो नाही, हार नाही, आणि मदत कुणाच्या हस्ते देणं नाही.

आता आधी विचारतो, तुला काय येतं आणि गावात काय चालतं. हुपरीला चांदीचं काम घरी आणता येतं, इचलकरंजीत यंत्रमागाच्या कांड्या भरायचं काम मिळतं, चपलांच्या वेण्या घालणाऱ्या बायका आहेत, शहरात पोळी-भाजीला मागणी आहे. अंगणवाडी मदतनिसाची जागा निघाली तर विधवांना निवडीत जादा गुण असतात, म्हणून जाहिरातींवर लक्ष ठेवा. आणि जिच्याकडं वैरणीची सोय आहे तिला मी म्हशीचाच सल्ला देते. म्हशीच्या कामासाठी तिला कुणाच्या परवानगीनं घराबाहेर पडावं लागत नाही, दूध संस्थेत रोज दोनदा गेल्यामुळं चार माणसांत तिची ऊठबस सुरू होते, आणि पैसे तिच्या खात्यात येतात. फक्त म्हशीचा विमा काढल्याशिवाय घेऊ देऊ नका. एक आजारानं गेली आणि कर्ज मागं राहिलं, हे आम्ही पाहिलंय.

रूढींबद्दल नव्या मुलामुलींना फार उत्साह असतो, आणि असावाच. आपला जिल्हा या बाबतीत पुढं आहे. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी अपघातात गेले तेव्हा लहान वयात विधवा झालेल्या सुनेला, इंदुमतीदेवींना, घरच्यांचा विरोध असताना त्यांनी शिकवलं. मे २०२२ मध्ये, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की पती गेल्यावर कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. हे मी प्रत्येक गावात अभिमानानं सांगते. ठरावामुळं नको म्हणणाऱ्या बाईच्या मागं गाव उभं राहतं, ही मोठी गोष्ट आहे.

पण ठराव झाला म्हणून संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला तिला बोलावणं येईलच असं नाही. आणि तिनं टिकली लावावी म्हणून तुम्हीही आग्रह करू नका. पुसायची सक्ती आणि लावायची सक्ती, दोन्हीत निर्णय दुसराच घेतो. हातकणंगले तालुक्यातल्या एका ताईच्या बांगड्या तिच्या थोरल्या जावेनं दारात उभं राहून वाचवल्या होत्या. आठ-नऊ महिन्यांत त्या कामात एकेक करून फुटल्या, आणि नव्या भरायला कासाराकडं जायचं तिला धाडस होईना. "दुकानात चार बायका असत्यात," म्हणायची. एका गुरुवारी दुपारी, गर्दी नसताना, मी तिच्याबरोबर गेले. कासारानं सवयीनं हिरव्यांचा तोडा पुढं केला. ती त्याकडं बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्या नगं, बोलतील. चॉकलेटी द्या." त्यानं चॉकलेटी भरल्या. बाहेर आल्यावर तिनं दोन्ही हात पदराबाहेर ठेवले आणि एसटी स्टँडपर्यंत तशीच चालत आली. मी तिला हिरव्यांबद्दल काही म्हटलं नाही.

पुनर्विवाहाचा विषय आपण होऊन काढू नका. पण तिनं काढला तर दोन गोष्टी तिला नीट सांगा. नवऱ्याकडून हिंदू वारसा कायद्यानं तिच्या नावावर आलेला हिस्सा पुन्हा लग्न केल्यानं जात नाही. "लगीन केलंस तर जमीन जाईल" ही भीती घालून किती जणींना थांबवलं जातं, याचा हिशेब नाही. विधवा म्हणून मिळणारं अनुदान मात्र बंद होतं. आणि तिला घराबाहेर काढत असतील, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं नांदत्या घरात राहायचा हक्क विधवेलाही मागता येतो. तशा वेळी १८१ ला फोन करा, जीवावर बेतलं असेल तर ११२ ला.

पुरुष कार्यकर्त्यांनी एकट्यानं घरी जाऊ नये, ही आमच्यातली पक्की अट आहे. तुमच्या मनात काही नसतं, पण गावातल्या बोलण्याची झळ तिला लागते. संध्याकाळनंतर तिला कामाचे मेसेज पाठवू नका, फोन दुसऱ्याच्या हातात असू शकतो. खिशातून पैसे देऊ नका. अगदीच वेळ आली तर गटातल्या दोघांना सांगून द्या आणि वहीत लिहा. एका कार्यकर्तीनं एका घरचं दुकानाचं उधार परस्पर भागवलं होतं. पुढच्या महिन्यात ती वहिनी रस्ता बदलून जायला लागली, कारण घेतलेले पैसे परत देता येत नव्हते. आणि एका माणसानं सुरुवातीला दोनच घरं घ्यावीत. दहा घरांना महिन्यातून एकदा जाण्यापेक्षा दोन घरांना दर आठवड्याला जाण्यात जास्त कामं होतात, हे आमच्या वह्यांत दिसतं.

पहिल्या रविवारी येताना दोनशे पानी वही आणा, दोन पेनं, स्टेपलर, आणि कागद वेगवेगळे ठेवायला प्लास्टिकची पाकिटं. शाईचा पॅड आणू नका. जिला सही येत नाही तिला आधी सही शिकवायची. बहुतेक जणी तीन-चार रविवारी शिकतात. पाकिटांवर तिनंच खुणा करायच्या, लिहिता येत नसेल तर चित्र काढून. जमिनीच्या पाकिटावर ऊस, बँकेच्या पाकिटावर रुपया, पोरांच्या पाकिटावर शाळा. पिशवी घरी तिच्याकडंच राहते, आपण मूळ कागद कधीही ठेवून घेत नाही, झेरॉक्ससुद्धा तिला विचारून. आणि तिच्या नवऱ्याचं नाव वहीत लिहिताना एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. नावात चूक असेल तर ती तिथंच सांगते.